बेडकांना धक्का न लावता गोगलगायी कशा आवरू?

मदत हवी आहे. कमळाच्या टबात बेडकांनी अंडी घातली होती, आता त्यात बोटाच्या पेराएवढीही नसलेली पिल्लं वळवळताहेत. दोघांना मागचे पाय फुटलेत, शेपटी अजून तशीच आहे. काही करून ती जगवायची आहेत.

अडचण गोगलगायींची. रात्रीत कोवळे शेंडे फस्त करतात, सकाळी पानांवर नुसता चकचकीत चिकट माग. मीठ टाका, औषध फवारा, असं जो तो सांगतो. पण बेडूक कातडीतूनच पाणी शोषतो, श्वासही काही अंशी तिच्यातूनच घेतो. मातीतलं मीठ नि विष त्याला सरळ बाधणार. मिठाने रोपंही जळतात ते वेगळंच. सध्या रात्री टॉर्च घेऊन हातानेच वेचते, पण रोज जमत नाही.

कुंडीला तांब्याची पट्टी लावून कुणाला खरंच फरक पडलाय का? दुसरा काही निर्धोक उपाय?

आणि टबाच्या कडा उंच नि गुळगुळीत आहेत. पाय फुटलेली पिल्लं बाहेर कशी येणार? आत दगड रचू की तिरकी फळी ठेवू? हे जरा लवकर सांगा, हातात थोडेच दिवस आहेत.