एज ऑफ एम्पायर्स २ वरून ३ वर जाताना नेमकं काय काय सोडावं लागतं?

फोंड्याचा_धनुर्धर

गोव्यातल्या फोंडा, माशेल, म्हार्दोळ या बाजूचा आमचा आठ जणांचा ग्रुप आहे. सगळे एज ऑफ एम्पायर्स २ (वस्ती वाढवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम) ची डेफिनिटिव्ह म्हणजे नवी आवृत्ती खेळणारे. यंदा चवथीच्या सुट्टीत एज ३ डेफिनिटिव्ह सुरू करायचं घाटतंय, पण ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. विरोधात असलेल्यांचं म्हणणं असं की ३ मध्ये खेळाचा गाभाच काढून टाकलाय. स्टोन नाही, लंबर कॅम्प आणि मायनिंग कॅम्प नाहीत, मंक कन्व्हर्ट करत नाही (शत्रूचा सैनिक आपल्याकडे वळवत नाही), रेलिक नाहीत, बहुतेक सिव्हना (खेळायला निवडायच्या राष्ट्रांना) हवा तिथे कॅसल उभारता येत नाही, रॅम आणि ट्रेब्युशे (वेढ्याची यंत्रं) नाहीत, टेकडीवर उभं राहण्याचा फायदा नाही.

मला दोन गोष्टी कळून हव्यात. जे काढलं त्याच्या जागी खेळात नवा निर्णय आला का, की नुसतंच सोपं केलं? आणि २ च्या सवयी घेऊन ३ मध्ये उतरणारा माणूस नेमका कुठे मार खातो? दोन्ही खेळ नीट खेळलेल्यांनी सांगा. ग्राफिक्सबद्दल नको.

---

माशेल_मस्केटियर

सगळ्यात जास्त ओरड ड्रॉप-ऑफ (गोळा केलेला माल नेऊन टाकायच्या जागा) काढल्याची असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२ मध्ये विलेजर (माल गोळा करणारा कामकरी) सुरुवातीला १० चं ओझं घेऊन कॅम्पवर जातो, टाकतो, परत येतो. त्यामुळे १०० वूडचा लंबर कॅम्प झाडांना चिकटवून बांधणं आणि झाडं मागे सरकली की दुसरा बांधणं, यातच अर्धी इकॉनॉमी असते. ३ मध्ये हे चालणंच नाही. विलेजर जिथे उभा आहे तिथूनच माल जमा होतो. म्हणून लोकांना वाटतं की इकॉनॉमी आपोआप चालते. ती चालत नाही, कारण गोळा करण्याचे वेग फार वेगवेगळे आहेत. अपग्रेड नसताना एक सेटलर (३ मधला विलेजर) शिकारीवर सेकंदाला ०.८४ फूड आणतो, मिलवर ०.६७, खाणीवर ०.६ कॉइन, झाडावर ०.५ वूड. शिकार आणि मिल यांच्यातला फरक केवढा आहे बघा. पहिली दहा मिनिटं जो शिकारीवर टिकून राहिला तो पुढे, आणि जो घाईने मिल बांधून बसला तो मागे.

आता शिकारीचं कसब. गोळी लागली की कळप बिथरतो आणि मारणाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळतो. म्हणून सेटलरला आधी कळपाच्या पलीकडे, टाऊन सेंटरपासून (आपल्या मुख्य इमारतीपासून) लांबच्या बाजूला न्यायचं आणि तिथून पहिला बार काढायचा. कळप टाऊन सेंटरकडे धावत येतो. एका वेळी एकच जनावर पाडा, ते संपत आलं की पुढचं. टाऊन सेंटरच्या बाजूने बार काढलात तर कळप नकाशाच्या मध्यावर पळतो, त्याच्या मागे तुमचे सेटलर जातात आणि समोरच्याच्या घोडेस्वारांना आयतेच सापडतात. २ वरून आलेला खेळाडू बहुतेक वेळा इथेच पहिला फटका खातो.

दुसरी गफलत मार्केटची. २ मध्ये लाकडाचं अपग्रेड लंबर कॅम्पमध्ये आणि शेतीचं मिलमध्ये मिळतं. ३ मध्ये कॅम्पच नाहीत, म्हणून हंटिंग डॉग्ज, गँग सॉ, प्लेसर माइन्स ही सगळी सुरुवातीची अपग्रेड मार्केटमध्ये ठेवलीत. २ च्या सवयीने मार्केट म्हणजे उशिरा बांधायची खरेदी-विक्रीची जागा असं समजून लोक ते बांधतच नाहीत, आणि अख्खी गेम अपग्रेडशिवाय खेळतात.

तिसरी गफलत वय वाढवण्याची, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात जाण्याची. २ मध्ये फ्युडलला (दुसऱ्या वयाला) ५०० फूड लागतं आणि चालू वयातल्या दोन इमारती. ३ मध्ये इमारतींची अट नाही, पण दुसऱ्या वयाला ८०० फूड, तिसऱ्याला १२०० फूड आणि १००० कॉइन. वर विलेजरही ५० ऐवजी १०० फूडचा. म्हणजे सुरुवातीला जवळजवळ सगळे हात फूडवर हवेत. लाकडावर दोन-तीनच जण ठेवा, घरापुरते. घर १०० वूडचं, पण त्यात १० जण मावतात.

आणि खरा नवा निर्णय आला तो होम सिटीत, म्हणजे जिथून मदत येते त्या मायदेशातल्या शहरात. लढाई, बांधकाम, खजिने, ट्रेडिंग पोस्ट या सगळ्यातून एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, तो भरला की एक शिपमेंट, म्हणजे एका कार्डाची मदत. प्रत्येक पुढच्या शिपमेंटला आधीपेक्षा जास्त एक्सपी लागतो, म्हणून क्रम फार महत्त्वाचा. डेफिनिटिव्हमध्ये डेक (आधी निवडून ठेवलेला संच) २५ कार्डांचा असतो आणि मूळ खेळासारखी लेव्हल वाढवून कार्डं उघडायची भानगड उरलेली नाही. बहुतेक युरोपीय सिव्हसाठी पहिलं कार्ड तीन सेटलर, दुसऱ्या वयात पोचताच ७०० वूड किंवा ७०० कॉइन. ७०० वूड आल्यावर बॅरक्स आणि घरं एकदम उभी राहतात. तेच कार्ड दोन मिनिटं उशिरा आलं तर समोरच्याचे मस्केटियर (बंदूकधारी पायदळ) तोवर दारात.

---

साखळीचा_सरदार

मस्केटियरने सांगितलेले आकडे बरोबर आहेत. इकॉनॉमीपुरतं मला पटतं, तिथे काढलं त्याच्या बदल्यात काहीतरी दिलंय. माझा वाद जमिनीबद्दल आहे.

२ मध्ये नकाशाचा तुकडा कब्जात घेता येतो. ६५० स्टोन जमवून समोरच्याच्या गोल्डजवळ कॅसल उभारला की ती खाण त्याची उरत नाही. ती जागा परत मिळवायला त्याला रॅम किंवा ट्रेब्युशे आणावेच लागतात, आणि तोवर आपण पुढे सरकतो. टेकडीवरून मारलं तर २५ टक्के जास्त नुकसान, खालून वर मारलं तर २५ टक्के कमी. म्हणजे सारखेच धनुर्धर असले तरी कुठे उभे आहेत यावर लढाई ठरते. ३ मध्ये हे दोन्ही गेलं. कडा वाट अडवतो, बाकी उंच-सखल सारखंच. आउटपोस्ट बहुतेक सिव्हना सातच. फोर्ट हवा तर तिसऱ्या वयात त्याचं कार्ड पाठवायचं, आणि त्या कार्डापायी एक सैन्याचं कार्ड मागे राहतं.

शिवाय ३ मध्ये पायदळ इमारतीजवळ गेलं की मशाली फेकून ती जाळतं. त्यामुळे वेगळ्या वेढ्याच्या सैन्याची गरज कमी झाली. २ मध्ये "त्याच्याकडे रॅम नाहीत, म्हणजे अजून पाच मिनिटं आपण सुरक्षित" असा हिशोब करता येतो. ३ मध्ये वीस मस्केटियर आले की बॅरक्स गेलीच. बचाव करून उशिराच्या गेमवर जिंकणारे तुमच्या ग्रुपमध्ये जास्त असतील तर त्यांना हे फार जाचेल. ते नुसते हट्टाने बोलत नाहीत, त्यांच्या हातातलं खरंच काढून घेतलंय.

---

वाळपईचा_वझीर

मंकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. २ मध्ये १०० गोल्डचा मंक हा महागड्या युनिटवरचा उतारा आहे. नाइट किंवा हत्ती घेऊन येणाऱ्याला त्याची धास्ती असते. ३ मध्ये प्रीस्ट फक्त बरं करतो. त्या जागी युनिटांचं चक्र जास्त कडक केलंय. मस्केटियर घोडेस्वारांना अडवतो, स्कर्मिशर मस्केटियरला लांबून टिपतो, घोडेस्वार स्कर्मिशरवर आणि तोफांवर तुटून पडतात. एकाच प्रकारचं सैन्य घेऊन गेलात तर सुटका नाही. त्यात जवळून वार लागला की पळणारं युनिट मंदावतं, म्हणून चुकीच्या लढाईतून माघार घेणंही महाग. २ मधला "आधी भिडू, नाही जमलं तर पळू" हा बेत इथे चालत नाही.

फॉर्मेशन वापरायची सवय असेल तर तीही मोडावी लागेल. त्याऐवजी टॅक्टिक (सैन्याने कसं लढायचं याचे पर्याय) आहेत. घोडेस्वारांचा ट्रॅम्पल घ्या. त्यात आजूबाजूच्या सगळ्यांना मार बसतो, पण वेग उतरतो. दाटीत उभ्या असलेल्या स्कर्मिशरवर सोडायचा आणि काम झालं की लगेच काढायचा.

---

फोंड्याचा_धनुर्धर

छान माहिती मिळाली. सरदारदादा, ग्रुपमधल्या चौघांचं अगदी तुम्ही म्हणता तेच दुखणं आहे.

आता पुढचा प्रश्न. २ मधल्या सवयी कमीत कमी मोडाव्या लागतील अशी सिव्ह कोणती? दोघांना पोर्तुगीजच घ्यायचेत, आपल्याकडे ते होणारच. आणि आठही जणांनी विकत घ्यायच्या आधी खेळून बघता येईल का?

---

पेडण्याचा_पाइकमन

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ऑगस्ट २०२३ पासून एज ३ डेफिनिटिव्हची मोफत आवृत्ती आहे. तिच्यात मोजक्याच सिव्ह मिळतात आणि त्याही बदलत राहतात, पण खेळ आवडतो की नाही हे ठरवायला पुरेशी आहे. आधी ती घ्या. एक गोष्ट मात्र ग्रुपला सांगून ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने ३ चं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि ठरलेला नवा डीएलसी (खेळाला जोडायचा वेगळा भाग) रद्द केला. आहे तो खेळ भरपूर मोठा आहे, पण काढलेलं काही अपडेटमधून परत येईल या आशेवर घेऊ नका.

पोर्तुगीजांबद्दल. २ आणि ३ मधले पोर्तुगीज पार वेगळे आहेत, नावाला भुलू नका. २ मध्ये ते २०१५ च्या आफ्रिकन किंगडम्समधून आले. त्यांच्या युनिटांना गोल्ड कमी लागतं, आणि फेइतोरिया नावाची इमारत २० पॉप (लोकसंख्येच्या जागा) अडवून बसते पण सगळा माल थोडा थोडा देत राहते, म्हणजे उशिराच्या गेमची सोय. ३ मध्ये त्यांचं बळ सुरुवातीपासून वाढत जातं, कारण प्रत्येक वय वाढवल्यावर एक कव्हर्ड वॅगन फुकट मिळते आणि तिचं टाऊन सेंटर होतं. दुसऱ्या वयात पोचताच दोन टाऊन सेंटरमधून सेटलर निघू लागतात.

पण इथेच नवखे फसतात. दोन टाऊन सेंटर सतत चालू ठेवायची तर एका वेळी २०० फूड हाताशी लागतं. वय वाढवायला ८०० फूड नुकतंच गेलेलं असतं, म्हणून दोन्ही टाऊन सेंटर रिकामी बसतात आणि आहे तो फायदाही जातो. उपाय सोपा आहे. वय वाढत असताना एकही सेटलर फूडवरून पूर्ण हलवू नका, लाकूड कार्डातून आणा. वॅगन घराशेजारी न उघडता दुसऱ्या कळपाजवळ किंवा खाणीजवळ उघडा. सरदार म्हणतात तसा जमिनीचा तुकडा धरून ठेवायची सोय पोर्तुगीजांना ३ मध्येही थोडीफार आहे, ती हीच. टाऊन सेंटर गोळीबार करतं, सेटलरना आत घेतं, आणि शिकारीला जाणारी वाट राखतं. शिवाय पोर्तुगीज एक्सप्लोररकडे स्पायग्लास असतो, लांबचा तुकडा काही क्षण उघडून दाखवतो. समोरचा दुसऱ्या वयात पोचला की तो त्याच्या बॅरक्सच्या अंदाजाने वापरा, सुरुवातीलाच खजिने शोधण्यात वाया घालवू नका.

२ च्या सवयीतली आणखी एक नडते ती सैन्य एकेक करून काढायची. ३ मध्ये पाच जणांची तुकडी एका जणाइतक्याच वेळात तयार होते. मस्केटियर ७५ फूड आणि २५ कॉइनचा, म्हणजे पाच जणांना ३७५ फूड आणि १२५ कॉइन साठवा आणि मग एकदम लावा. एकेक लावत बसलात तर समोरच्याची फौज तुमच्या पाचपट वेगाने वाढते, आणि बॅरक्स कमी पडली असं वाटून तुम्ही आणखी एक बॅरक्स बांधता.

भारतीय सिव्ह कोणी घेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्यांचे विलेजर फूडवर नाही, वूडवर निघतात. वर सांगितलेलं "सगळे हात फूडवर" त्यांना लागू नाही, लाकडावर जास्त जण लागतात. मात्र प्रत्येक शिपमेंटबरोबर एक विलेजर येतो.

---

साखळीचा_सरदार

वॅगनचा मुद्दा मान्य. पण ती सोय एका सिव्हची, आणि २ मध्ये कॅसल सगळ्यांना होता.

धनुर्धर, त्या चौघांसाठी ट्रीटी लावून बघा. तो खेळाचाच एक प्रकार आहे. ठरवलेली मिनिटं कोणी कोणावर हल्ला करू शकत नाही. २० मिनिटांची ट्रीटी घ्या, ४० ची नको, कारण ४० मध्ये सगळे ९९ सेटलरच्या मर्यादेला टेकतात आणि नंतर फक्त कार्डांचा खेळ उरतो. २० मध्ये भिंती, आउटपोस्ट आणि दुसरी फळी उभारायला वेळ मिळतो, पण सगळंच पुरं होत नाही, म्हणून काय आधी बांधायचं हे ठरवावं लागतं. भिंत एकेरी नको, दोन रांगा घाला, मध्ये तोफ फिरेल एवढी जागा सोडून. दरवाजा वेगळा बांधायचा नसतो, भिंतीचा तुकडा निवडून त्याचाच करायचा. पहिली रांग जाळायला पायदळ जवळ आलं की मागच्या रांगेआडून स्कर्मिशर आणि तोफा लावायच्या. २ मध्ये कॅसल जे काम एकटा करायचा ते इथे तीन गोष्टी मिळून करतात, आणि त्यातली एक कमी पडली की फळी फुटते.

---

माशेल_मस्केटियर

ट्रीटीसाठी डेक वेगळा बांधायला हवा. नेहमीच्या डेकमधली तीन सेटलर आणि ७०० वूडची कार्डं तिथे लवकर निरुपयोगी होतात. मिल, प्लँटेशन आणि तोफांचा वेग वाढवणारी कार्डं भरा, आणि शेवटच्या वयांत पुन्हा पुन्हा पाठवता येणारी सैन्याची दोन तरी कार्डं ठेवा. मिल किंवा प्लँटेशनवर दहाच जण मावतात, म्हणून जागा आधीच राखा, नाहीतर अकरावा माणूस काम न करता नुसता उभा राहतो. ट्रेडिंग पोस्ट लवकर घ्या. सुरुवातीला तो फक्त एक्सपी देतो, स्टेजकोच अपग्रेड केल्यावर फूड, वूड, कॉइन यांतलं काय हवं ते निवडता येतं.

आणि डेक खेळ सुरू व्हायच्या आधी बांधून ठेवा. आठ जण लॉबीत ताटकळत असताना २५ कार्डं निवडत बसायला नको.

---

फोंड्याचा_धनुर्धर

ठरलं. मोफत आवृत्ती उतरवतो, पहिल्या दिवशी २० ची ट्रीटी, दुसऱ्या दिवशी ट्रीटीशिवाय. नकाशा दख्खन घेतोय, जहाजांची भानगड नको. पोर्तुगीज त्या बदलत्या यादीत नसतील तर त्या दोघांना आधी दुसरी युरोपीय सिव्ह देतो. वझीर, स्कर्मिशरना घोडेस्वारांपासून राखायला पाइकमन ठेवायचे की मस्केटियरच?

---

वाळपईचा_वझीर

दुसऱ्या वयात मस्केटियरच, लांबून गोळीही मारतात. पाइकमन ४० फूड आणि ४० वूडचा, कॉइन अजिबात लागत नाही. म्हणून खाणीवर रेड पडून कॉइन तुटला असेल तेव्हाच तो काढा. इमारती पाडायलाही तो बरा. पण स्कर्मिशरसमोर नेऊ नका, पोचेपर्यंत अर्धे गळतात.