चार्टर शाळेचा फोन आलाय, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

जर्सीकर_आई:
इथे न्यू जर्सीत चार्टर शाळेच्या प्रवेशासाठी जानेवारीत सोडत निघाली, त्यात लेकीचा वेटिंग लिस्टवर ४१वा नंबर होता, म्हणून विषयच सोडून दिला होता. काल त्याच शाळेतून फोन, केजीत जागा झालीय. इकडे कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत नाव घालून झालंय, दप्तरही आणलंय. नवरा म्हणतो, लॉटरी लागल्यावर कोणी तिकीट परत करतं का?
दोन्ही शाळा बघून आलेय. चार्टरमध्ये गणवेश, वर्गांना कॉलेजांची नावं, आणि व्हरांड्यात जमिनीवर चिकटवलेल्या निळ्या पट्टीवरून पोरं तोंडावर बोट ठेवून चाललेली. आमची बया पाच मिनिटं गप्प बसत नाही. सरकारी शाळेत जिमच्या गळक्या छताखाली बादली. सासूबाई साताऱ्याहून विचारतायत, "डोनेशन किती घेतात?"

तिखट_मास्तर:
दमडीही नाही म्हणावं. पैसा सरकारीच, चालवणारं मंडळ वेगळं. आपल्या अनुदानित शाळांची चुलत बहीण समजा. तिथे सरकार शिक्षकांचे पगार देतं, इथे पोरामागे पैसा येतो. न्यू जर्सीत कायदा १९९५चा. परवाना आधी चार वर्षांचा, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या शाळेचा कधी संपतोय ते आधी विचारा.

तिसरी_ब:
मी सरकारी शाळेतच शिकवते, तेव्हा माझं मत एका बाजूचं आहे हे धरून चाला. गेल्या वर्षी वर्गातली तीन मुलं चार्टरला गेली, त्यांच्यामागचा पैसाही गेला. पण तीन मुलं कमी झाली म्हणून बॉयलरचं बिल कमी येत नाही हो. गंमत म्हणजे १९८८ साली ही कल्पना उचलून धरली ती शिक्षक संघटनेच्याच नेत्याने, अल्बर्ट शँकरने. शिक्षकांना नवं काही करून बघता यावं म्हणून! तुमच्या लेकीच्या डोक्यावर मात्र हे ओझं नको, ताई.

दोन_वर्षं_काढली:
आमचा मुलगा चार्टरला होता. वाचन सुधारलं, खोटं कशाला बोलू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालातही चार्टरची मुलं सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा सरासरी वाचनात १६ दिवसांच्या शिकण्याइतकी आणि गणितात ६ दिवसांच्या शिकण्याइतकी पुढे निघाली. पण सरासरी घेऊन मी काय करू? त्याला स्पीच थेरपी लागते. कायद्याने ती द्यावीच लागते, पण थेरपिस्टबाई सोडून गेल्या आणि तीन महिने दुसरं कोणी आलंच नाही. शेवटी परत आणला.

जर्सीकर_आई:
मास्तर, विचारलं. परवाना पुढच्याच वर्षी नूतनीकरणाला आहे. निळ्या पट्टीवर बोललं तर काय, तेही विचारलं. तीन इशारे, मग पालकांना फोन. आमच्याकडे तीन इशारे दूध पिईपर्यंतच संपतात.
नाही म्हणून कळवलंय. नवरा फुगून बसलाय. जागा आता ४२व्या नंबरला जाईल, त्या घरी आज पेढे वाटतील बहुतेक. सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटतेय, बादलीचं विचारायला.