मदत हवी आहे: ईसीएम (इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नवा टाकू, जुना घेऊ की दुरुस्त करू?

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. जुलैत सायनला पाणी भरलं तेव्हा त्यात अडकली होती. तेव्हापासून चालता चालता बंद पडते, इंजिन थंड झालं की गपचूप चालू. स्कॅनरवर पी०६०६ येतो, म्हणजे कंट्रोल मॉड्यूलच्या प्रोसेसरचा दोष. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग सगळं बघून झालं. ईसीएमचा कनेक्टर काढला तर दोन पिनांवर हिरवा गंज!

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, नवीनच टाका. आकडा ऐकून बायको म्हणाली, गाडीच विकून टाक.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर सेम पार्ट नंबरचा जुना मिळतोय. पण त्यात आधीच्या गाडीचा इमोबिलायझर कोड (चोरी टाळायला किल्ली ओळखणारा कोड) असणार, नुसता जोडून स्टार्ट होणार नाही. माझ्या ईसीएमचा डेटा त्यात उतरवून देणारा खात्रीचा माणूस मुंबईत कुणी आहे का? की पिना साफ करून, बोर्ड उघडून दुरुस्ती करून बघावी? कुणी केली असेल तर पावसाळ्यात टिकली का, तेही सांगा. ‘गाडी ठेवून जा, बघतो’ म्हणणारे नकोत, तसले भरपूर भेटलेत. ठाण्यापर्यंत टो करून न्यायची तयारी आहे.