मदत हवी आहे: कॅज्युअल्टीतले ट्रॉमा प्रोटोकॉल अद्ययावत ठेवायचे कोणी आणि कसे?

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात हायवेलगतच्या एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टी सांभाळते. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे अपघात तर येतातच, शिवाय चंदगड-खानापूरकडचेही. गळीत हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर धडकलेले दुचाकीवाले ठरलेलेच.

आमच्याकडे प्रोटोकॉल नाहीत असं नाही, उलट जास्तच झालेत. एक भिंतीवर लॅमिनेट केलेला, स्पिरिटने पुसून पुसून कोपरे पांढरे पडलेले, त्यावर ना तारीख ना सही. दुसरा फायलीत, जी तपासणीच्या वेळीच कपाटातून निघते. तिसरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ. तिन्हींचा मेळ नाही.

भिंतीवरचा तक्ता अजून "आधी दोन लिटर आरएल" (रिंगर लॅक्टेट सलाइन) सांगतो. एटीएलएस या अपघातग्रस्तांवरच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने ते एक लिटरवर आणलं, पुढे लवकर रक्त. मणक्याच्या दुखापतीला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा डोसही तसाच लिहिलाय, अमेरिकन न्यूरोसर्जनांच्या २०१३ च्या शिफारशींनी तो नको म्हटलेला असूनही. आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, बस्स. वेळेचं नाव नाही! या औषधाच्या २०१० च्या क्रॅश-२ चाचणीतला खरा धडा वेळेचाच होता: तीन तासांच्या आत दिलं तर फायदा, त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मृत्यू उलट वाढलेले दिसले. त्यात आमच्याकडे हद्दीपलीकडून आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर "इंज. दिले" एवढंच असतं. किती वाजता, पत्ता नाही.

आता मॅनेजमेंटने नवा प्रोटोकॉल करायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. तयार गाइडलाइन उचलावी की स्वतः लिहावी? दर किती दिवसांनी तपासावी? आणि पुस्तकात रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट १:१:१ असं असतं. आमच्याकडे प्लेटलेट शहरातून गाडीने येतात, तिथे काय लिहायचं?

भूलवाला_सांगली:
ताई, कोऱ्या कागदावरून सुरुवात करू नका. चांगली गाइडलाइन घ्या आणि तुमच्याकडे जे नाही तिथेच बदल करा. प्रत्येक सूचनेपुढे ती कुठून घेतली आणि कुठल्या सालची, हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी तपासताना अर्धं काम वाचतं. जबाबदारी नावावर नको, पदावर टाका, आरएमओ (निवासी डॉक्टर) काय, वर्षात बदलतात. वर्षातून एकदा ठरलेला आढावा, आणि मधे मोठी चाचणी आली किंवा एखादा मृत्यू खटकला तर लगेच. नवा तक्ता लावायच्या आधी जुना उतरवा आणि ग्रुपवरची पीडीएफही काढायला लावा.

रक्ताचं म्हणाल तर जे हाताशी आहे तेच लिहा: ओ निगेटिव्हच्या किती पिशव्या, फोन कोणी करायचा. आणि ठळक अक्षरांत, पेशंट पुढे पाठवायचा ठरला की सीटीसाठी थांबवून ठेवायचा नाही.

सिस्टर_घटप्रभा:
डॉक्टर, समितीत एक तरी सीनियर सिस्टर घ्या. रात्रपाळीला पीडीएफ कोण उघडतंय? आम्ही एका पाऊचमध्ये ट्रॅनेक्झामिकचे ५०० मिलीग्रॅमचे दोन अ‍ॅम्प्युल आणि १०० मिलीची एनएस (साध्या सलाइनची) बाटली एकत्र ठेवतो, वर लेबल: "१० मिनिटांत. अपघात किती वाजता?" तो रकाना भरल्याशिवाय पाऊच फोडायचं नाही. कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा, आमच्या निम्म्या मुली कन्नड वाचतात. महिन्याअखेर थोडे केस पेपर काढून वेळ लिहिलीय का बघतो, बाकी ऑडिट झेपत नाही.

मूळ धागाकर्ती:
पाऊच उद्याच करते, सिस्टर. पण आमचे वरिष्ठ सर्जन म्हणतात, "इतकी वर्षं दोन लिटर देतोय, काय बिघडलं?" त्यांना कसं सांगू?

भूलवाला_सांगली:
कॅज्युअल्टीत वाद नको. त्यांनाच समितीचं अध्यक्ष करा, सही त्यांचीच घ्या. आणि एक नियम घाला: प्रोटोकॉलपेक्षा वेगळं करायला कुणालाही मुभा आहे, फक्त कारण केस पेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहायचं. दोन लिटरचं कारण लिहायची वेळ आली की ते स्वतःच विचारतील, नवीन काय आहे म्हणून.