शोक ताजा असताना आनंद कसा करावा?

प्रश्न: आईच्या निधनाला चार महिने झाले. मिस्सेत (चर्चमधील मुख्य उपासनेत) 'आनंद करा' हे शब्द कानी पडले की मन आक्रसते. दुःख न लपवता श्रद्धेतला आनंद अनुभवता येतो का, हे कृपया कोणी सांगावे.

पहिले उत्तर: आनंद म्हणजे अश्रू आवरणे नव्हे, आपला मृत मित्र लाजरस याला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशू रडला. संत पौलाने फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती लोकांना आनंदाविषयी लिहिले तेही बंदिवासातून, म्हणून ते शब्द मला कधी कोरडा उपदेश वाटले नाहीत.

दुसरे उत्तर: वडील गेल्यावर मला रोझरीने, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थनेने, सावरले. मंगळवारी व शुक्रवारी दुःखाच्या रहस्यांवर, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवर, मनन करताना क्रुसापाशी उभी असलेली त्याची आई मारिया डोळ्यांसमोर येई, आणि रविवारी त्याच मण्यांवर बोटे फिरवताना पुनरुत्थानाचे रहस्य येई. दुःख हटले नाही. त्याच्या शेजारी, फार सावकाश, आनंद येऊन बसला.

तिसरे उत्तर: उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या, चौथ्या रविवारी धर्मगुरू जांभळ्याऐवजी आनंदाची खूण म्हणून गुलाबी वस्त्रे परिधान करू शकतात. उपवासकाळ तेव्हा संपलेला नसतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आईची जपमाळ माझ्याकडेच आहे. आज मंगळवार असल्याने तिच्यावरच प्रार्थना करीन.