पुण्याची जुनी मोटार खानापूरला आणायची आहे : लाइफ टॅक्स, एनओसी आणि पासिंगचा हिशेब

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावच्या उद्यमबागेत ये-जा करतो. आमच्याकडच्या पावसात दुचाकीवरून हा प्रवास आता झेपत नसल्यामुळे जुनी पेट्रोल मोटार घेण्याचे ठरवले आहे. पुण्यात माझ्या मावसभावाच्या शेजाऱ्यांकडे २०१९ च्या पासिंगची, एमएच १२ क्रमांकाची, पहिल्याच मालकाच्या हातातली वॅगन आर असून ते तिचे ३ लाख ८० हजार सांगत आहेत. त्याच वर्षाची आणि तेवढीच चाललेली केए २२ पासिंगची गाडी बेळगावात मला ४ लाख ४० हजारांच्या खाली कोणी दिलेली नाही. म्हणजे वरवर पाहता ६० हजारांचा फरक पडतो.

गाडीचे कर्ज फिटले आहे, परंतु आरसीवर बँकेचे नाव अद्याप तसेच आहे. मालक म्हणतात की टीटी फॉर्मवर (मालकीबदलाच्या अर्जावर) सह्या करून देतो, पैसे देऊन गाडी घेऊन जा, बाकीचे तुमचे तुम्ही पाहा. इकडचा एक एजंट तर म्हणतो की बेळगावात एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या गाड्या वाटेल तेवढ्या फिरतात, वर्षभर तुम्हाला कोणी हटकणार नाही, नंतर काय ते बघू. मला हे दोन्ही सल्ले पटलेले नाहीत. हा व्यवहार कोणत्या क्रमाने करावा आणि सगळा खर्च धरल्यावर त्यात काही उरते का, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

निपाणीकर यांचे उत्तर

मी तीन वर्षांपूर्वी अशीच एक गाडी महाराष्ट्रातून आणली, त्यामुळे आधी पैशांचे सांगतो, कारण तेथेच बहुतेक लोक फसतात. कर्नाटकात गाडीचे पासिंग करताना लाइफ टॅक्स, म्हणजे एकरकमी वाहनकर भरावा लागतो आणि तो तुम्ही मोजलेल्या ३ लाख ८० हजारांवर लागत नाही. गाडी नवी असताना तिची जी किंमत होती, ती धरून आधी कराचा टप्पा ठरतो. ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखांना १४, १० ते २० लाखांना १७ आणि त्यापुढे १८ टक्के असे टप्पे आहेत. त्या रकमेत गाडीच्या वयाप्रमाणे सूट मिळते आणि जे उरते त्यावर पुन्हा उपकर बसतो. तुमच्या गाडीचे मूळ बिल साधारण ५ लाख ४० हजारांचे असेल तर पूर्ण कर ७५ हजार ६०० होतो. वयाची सूट वजा करून उपकर मिळवला, तर माझ्या अंदाजाने तुम्हाला ५० हजारांच्या पुढेच रक्कम भरावी लागेल. मालकाकडून गाडीचे मूळ बिल अवश्य मागून घ्या, कारण ५ लाखांच्या अलीकडे की पलीकडे यावर एक टक्का हलतो.

महाराष्ट्रात पहिल्या मालकाने भरलेल्या एकरकमी करापैकी न वापरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मिळतो. मात्र त्यासाठी गाडीला इकडचा नंबर लागल्याचा पुरावा घेऊन तिकडच्या आरटीओत अर्ज करावा लागतो. हा परतावा कोणी मागायचा आणि कोणी ठेवायचा, हे इसार देतानाच साध्या कागदावर लिहून घ्या. मी ते लिहून घेतले नव्हते. पुढे मालकाने फोन उचलणेच बंद केले आणि ती रक्कम मी सोडून दिली.

आता क्रम. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा मालकानेच उतरवून घ्यावा, कारण बोजा असताना एनओसीचे, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओकडे नेण्याच्या ना-हरकत दाखल्याचे काम पुढे सरकत नाही. त्यानंतर गाडीवर ई-चलन थकले आहे का ते ऑनलाइन पाहावे. पुण्याच्या गाडीवर दोन-चार चलने नसतील तर मला नवल वाटेल. मग फॉर्म २८ भरून एनओसीचा अर्ज करायचा. त्यात गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार आहे ते लिहावे लागते. आम्हा निपाणीकरांना चिक्कोडी, म्हणजे केए २३ येते. तुम्ही खानापूरचे असल्यामुळे तेथे बेळगाव, केए २२ असे स्पष्ट लिहून घ्या. एनओसी हातात पडेपर्यंत दहा-पंधरा हजारांच्या इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नका.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिने माझे दीड महिने खाल्ले. फॉर्म २८ वर चासिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप लागतो. चासिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली की ते उमटतात. जागा अडचणीची असेल तर एजंट मंडळी आधी आकड्यांवरच पेन्सिल घासतात, त्यावर सेलोटेप दाबून बसवतात आणि अलगद उचलून फॉर्मवर चिकटवतात. माझ्या गाडीचा हा नंबर शेजारच्या सीटखाली, चटईखालचे झाकण उचलल्यावर दिसत होता. त्या दिवशी आम्ही छाप घेतला, फॉर्मवर लावला आणि चहाला गेलो. पण त्यातले एकेक अक्षर आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहण्याचे कोणाच्याही डोक्यात आले नाही. इकडे पासिंगसाठी गाडी उभी केली तेव्हा निरीक्षकांनी टॉर्च मारून नंबर वाचला आणि मान हलवली. चासिसवर इंग्रजी ‘बी’ होता आणि आरसीवर, म्हणून एनओसीवरही, इंग्रजी आठाचा आकडा पडला होता. ती चूक मुळात पहिल्या पासिंगच्या वेळची. ती दुरुस्त करण्यासाठी मालकाला सोबत घेऊन मला पुन्हा तिकडे दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे दोन्ही नंबर एकमेकांशेजारी धरून वाचा.

कचेरीचा वाटसरू यांचे उत्तर

निपाणीकरांनी व्यवहाराची बाजू नीट मांडली आहे. एजंटाच्या ‘वर्षभर कोणी हटकणार नाही’ या वाक्याविषयी मात्र थोडे लिहिले पाहिजे, कारण ते अर्धे खरे असल्यामुळे जास्त घातक आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कर्नाटकाने २०१४ साली करकायद्यात दुरुस्ती करून ही मुदत ३० दिवसांवर आणली होती आणि तेव्हा बाहेरच्या नंबरच्या गाड्या अडवण्याचा सपाटाच लागला होता. पुढे उच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली नाही. एजंटाचे ‘वर्ष’ येथून आले आहे. परंतु ही सवलत ज्याची गाडी आहे तोच ती घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला आला, अशा माणसाच्या उपयोगाची आहे. तुम्ही तर गाडी विकत घेत आहात. तुम्हाला कलम ५० लागू होते आणि त्याप्रमाणे खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत मालकीबदल आपल्या आरटीओला कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. विकणाऱ्याला, खरेदीदार दुसऱ्या राज्यातला असल्यास, ४५ दिवसांची मुदत आहे.

‘टीटी फॉर्मवर सह्या करून देतो’ म्हणणारे मालक तुमच्यावर उपकार करत आहेत असे त्यांना वाटत असेल, पण त्यात स्वतःचाच गळा अडकतो हे त्यांना सांगा. ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अनेक हातांतून गेली होती आणि तरीही जबाबदारी आरसीवरच्या पहिल्या माणसावरच आली. हे एकदा समजावून सांगितले की एनओसीसाठी आरटीओत यायला आळस करणारा विक्रेता दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर होतो, हा माझा अनुभव आहे.

विम्याचेही पाहा. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर तुमच्याकडे आला असे कलम १५७ मानते, परंतु तुमच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान झाल्यास भरपाई हवी असेल तर पॉलिसी तुमच्या नावावर झालेली असली पाहिजे. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्या मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही आणि तेवढा फरक भरावा लागेल. इकडचा नंबर पडल्यावर तोही पॉलिसीवर चढवून घ्यावा.

मलप्रभाकाठ यांचा पुढील प्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका विचारायला संकोच वाटतो, पण आमच्या भागात हे सर्रास चालते म्हणून विचारतो. माझे सख्खे मामा शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात राहतात. गाडी त्यांच्या नावावर करून एमएच ०९ मध्येच ठेवली तर कर्नाटकाचा लाइफ टॅक्स वाचतो, असे घरातलेच लोक सुचवत आहेत. शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे.

कचेरीचा वाटसरू यांचे उत्तर

अंतर हाकेचे असले तरी राज्य दुसरे आहे. गाडी रोज खानापूर ते उद्यमबाग धावणार आणि रात्री तुमच्या दारात उभी राहणार, मग ती कर्नाटकात ठेवलेली नाही असे कोणत्या तोंडाने सांगणार? १२ महिन्यांनंतर कलम ४७ मामांच्या गाडीलाही सोडत नाही. शिवाय उद्या दुर्दैवाने अपघात झाला तर नोटीस मामांच्या घरी जाईल आणि गाडी विकायची म्हटली तर सह्या मामांच्या लागतील. मामा आज सख्खे आहेत, मामेभाऊ पुढे किती सख्खे राहतील याचा विचार तुम्हीच करा.

जांबोटीवाला यांचे उत्तर

कायद्याचे दोघांनी सांगितले, मी रस्त्याचे सांगतो. पुणे ते बेळगाव हे सुमारे ३४० किलोमीटर अंतर गाडी तपासण्याची उत्तम संधी आहे, फक्त ती पैसे देऊन झाल्यावर मिळते हेच वाईट. म्हणून शक्य असल्यास पहिल्या भेटीतच मालकाला सोबत घेऊन खंबाटकी घाट चढून या. सपाट रस्त्यावर गुणी वाटणारी गाडी घाटात खरी बोलते. मी आणलेल्या गाडीत एसी चालू ठेवून वरच्या वळणापर्यंत गेलो तेव्हा क्लच जळाल्याचा वास आला आणि वेग न वाढता नुसते इंजिनच ओरडू लागले. मालक खिडकीबाहेर बघत राहिले. क्लचप्लेटचा खर्च किमतीतून तेथेच वजा झाला.

फास्टॅगचे लक्षात ठेवा. तो त्या गाडीच्या नंबराशी आणि मालकाच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यांनी तो बंद करावा आणि तुम्ही आपल्या नावाचा घ्यावा. घरी आणण्याच्या दिवसापुरती त्यांच्या टॅगची रक्कम आधी ठरवून घेतली तरी चालते. टॅग नसल्यास खेड शिवापूरपासून आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी आणि हत्तरगीपर्यंत प्रत्येक नाक्यावर यूपीआयने सव्वापट टोल मोजत यावे लागेल. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, एनओसी आणि व्यवहाराचा सही केलेला कागद ठेवा. गाडी शक्यतो दिवसाउजेडी आणा. अनोळखी दिवे, अनोळखी ब्रेक आणि रात्रीचा तवंदी घाट हे तिन्ही एकदम नकोत.

बेळगावला पासिंगला जाताना फॉर्म २७ (नव्या नंबरासाठी), २९ आणि ३० (मालकीबदलासाठी) यांबरोबर पत्त्याचा पुरावा लागतो. २०१४ साली शहराचे सरकारी नाव बदलल्यापासून अनेकांच्या एका कागदावर जुने आणि दुसऱ्यावर नवे स्पेलिंग आहे. माझेही तसेच होते, पण त्यावरून काही अडले नाही. फॉर्म कन्नडमधला मिळाला तर शेजारच्या माणसाला विचारून भरा, तोही बहुधा तुमच्याआमच्यासारखाच कोणाला तरी विचारून भरत असतो.

मलप्रभाकाठ यांचे उत्तर

काल रात्री बसून हिशेब मांडला. मालकांनी मूळ बिलाचा फोटो पाठवला, त्यावर किंमत ५ लाख ३८ हजार आहे, म्हणजे निपाणीकरांचा अंदाज जवळपास बरोबर ठरला. ३ लाख ८० हजारांत लाइफ टॅक्सचे ५० हजारांहून अधिक, विम्यातला फरक, नवी नंबरप्लेट, पुण्याच्या दोन फेऱ्या आणि रजेचे दिवस मिळवले की बेळगावातली गाडी उलट स्वस्त पडते. पुण्याच्या व्यवहारात जे काही उरेल ते महाराष्ट्राच्या परताव्यातूनच उरेल आणि तो कधी हातात येईल याचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून मी मालकांना कळवले आहे की बोजा त्यांनी उतरवावा, चलने त्यांनी भरावीत, परताव्याचा अधिकार मला लिहून द्यावा आणि किंमत ३ लाख ५० हजार करावी. तसे असेल तर दहा हजार इसार घेऊन येतो. त्यांनी दोन दिवस मागितले आहेत. तोपर्यंत टिळकवाडीत ४ लाख ४० हजार सांगितलेली केए २२ ची गाडी रविवारी पुन्हा एकदा पाहायला जाणार आहे. खंबाटकी जवळ नसली तरी चोर्ला घाट आहे, तेथे नेऊन चढवून पाहतो.