सोसायटीच्या ग्रुपवर : गणेशोत्सवाच्या प्रमुख पाहुण्यांबाबत

सचिव : नमस्कार. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा वर पाठवला आहे. प्रमुख पाहुणे म्हणून आपल्या भागातील नेत्यांचे नाव घातले आहे. पत्रिका उद्या छपाईला जाईल, तरी दुरुस्ती असल्यास आजच कळवावी.

ए-३०२ : सचिव साहेब, माझी हरकत त्या नावालाच आहे. पंधरवड्यापूर्वीच्या बंदच्या दिवशी याच नेत्यांचे कार्यकर्ते आपल्या तळमजल्यावरील दुकान बंद पाडायला आले, दूध तरी विकू द्या अशी विनंती करणाऱ्या दुकानदाराचे क्रेट त्यांनी रस्त्यावर फेकले आणि मध्ये पडलेल्या आपल्या वॉचमनच्या कानशिलात लगावली. हे सर्व कॅमेऱ्यात आहे. तरीही 'वाद वाढवू नका' असे सांगून कमिटीने दुकानदाराला तक्रारीपासून परावृत्त केले, आणि आता त्याच नेत्यांना आपण आरतीचा मान देणार आहोत. मारणाऱ्यांइतकाच मला या सल्ल्याचा राग आहे, कारण अशा सल्ल्यांच्या भरवशावरच ती मुले पुढच्या दुकानात शिरतात. स्वतःचे दुकान बंद ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण दुसऱ्याचे शटर ओढण्याचा कोणालाही नाही. सक्तीचा बंद केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

बी-१०४ : तुमचा संताप मला समजतो, परंतु आपण येथे कर्नाटकातील सीमाभागात मराठी म्हणून राहतो, रोज कोणाकोणाशी वैर घ्यायचे? ड्रेनेजचे काम दोन वर्षे अडले होते, ते त्यांच्या एका फोनने झाले, हेही विसरू नये.

ए-३०२ : काका, ड्रेनेज महापालिकेच्या पैशातून झाले आणि घरपट्टी आपण सर्वजण भरतो. हक्काचे काम एका फोनवाचून होत नाही, ही परिस्थितीच त्या फोनची किंमत वाढवते. राहिला भाषेचा प्रश्न. मार खाल्लेला वॉचमन कन्नड भाषक, दुकानदार मराठी आणि शिवीगाळ दोन्ही भाषांतून झाली. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा या ग्रुपवर रात्रभर निषेधाचे संदेश येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मराठीत न बोलल्याच्या कारणावरून कर्नाटकच्या बस कंडक्टरला मारहाण झाल्याची तक्रार आली, तेव्हा मात्र येथे शांतता होती. दोन्ही वेळा आंतरराज्य बससेवा कोलमडली आणि हाल झाले ते उपचारांसाठी, नोकरीसाठी कोल्हापूर-बेळगाव ये-जा करणाऱ्यांचे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो सनदशीर मार्गानेच लढायचा आहे, आणि मराठी शाळा व मराठी कागदपत्रे मिळवण्यासाठी आपण ज्या कायद्याचा आधार मागतो, त्याच कायद्याचा आधार त्या वॉचमनला नको का?

सी-२०१ : मी दुकानदाराच्या पत्नीशी बोलले. ते तक्रार द्यायला तयार आहेत, परंतु साक्षीला कोणी उभे राहील याची त्यांना खात्री नाही. पोलीस नोंद घेतील का, हीही धास्ती आहे.

ए-३०२ : वहिनी, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. त्याहून तातडीचे म्हणजे, रेकॉर्डरवरचे जुने चित्रण नव्या चित्रणाखाली पुसले जाते, म्हणून त्याची प्रत आज रात्रीच काढावी. वॉचमनला कामावरून कमी करण्याची चर्चा कानावर आली आहे. तसे झाले, तर तो त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय ठरेल.

अध्यक्ष : पत्रिकेची छपाई थांबवली आहे. पाहुण्यांचा निर्णय रविवारच्या सर्वसाधारण सभेत मतदानाने होईल. वॉचमनची नोकरी सुरक्षित आहे. चित्रणाची प्रत मी स्वतः काढून घेतो.

ए-३०२ : आभारी आहे. उद्या सकाळी दहा वाजता मी दुकानदारांबरोबर पोलीस ठाण्यात जाणार आहे. आणखी कोण येणार, ते कृपया येथेच नावानिशी लिहावे.

बी-१०४ : पाहुण्यांविषयी माझे मत मी सभेत मांडेनच. ठाण्यात मात्र मी येतो, क्रेट फेकताना मी गॅलरीतून पाहिले होते.